भिंतीपलीकडची वाळू

१९३३ साली विशाखापट्टणमच्या नव्या बंदराच्या तोंडाशी ‘जेनस’ आणि ‘विल्सडेन’ ही दोन जुनी जहाजे दगडांनी भरून मुद्दाम बुडवली गेली. मध्य प्रांतातले, म्हणजे नागपूर, भंडारा आणि बालाघाटच्या खाणींतले मँगनीज परदेशी धाडायला कलकत्ता आणि मद्रास यांच्या दरम्यान खोल पाण्याचे एक बंदर हवे होते. ‘डॉल्फिन्स नोज’ नावाच्या डोंगराच्या आडोशाला त्यासाठी जागा सापडली होती. अडचण वाळूची होती. दक्षिणेकडून किनाऱ्याने येणारी वाळू त्या डोंगराला वळसा घालून थेट बंदराच्या चॅनेलमध्ये उतरणार होती, आणि ती दरवर्षी येत राहणार होती. बुडवलेल्या जहाजांनी लाटा अडवल्या. त्यांच्यामागे संथ पाण्याचा पट्टा तयार झाला आणि वाळू चॅनेलपर्यंत पोचण्याआधीच तिथे बसू लागली. समुद्र खवळलेला असतानाही त्या आडोशाला राहून ड्रेजरला ती उपसता येऊ लागली. उपसलेली वाळू पलीकडे, उत्तरेच्या किनाऱ्याला द्यायची होती. ७ ऑक्टोबर १९३३ रोजी ‘जलदुर्गा’ ही आगबोट या बंदरात शिरली. ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी सहकाऱ्यांसह उभ्या केलेल्या सिंदिया कंपनीची होती. पुढे याच गावात सिंदियाने जहाजबांधणीचा कारखाना काढला.

या बांधकामातले अभियांत्रिकी कौशल्य मोठे आहेच. मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्यामागचा विचार. वाळू येणार, ती थांबवता येणार नाही, हे तिथल्या लोकांनी आधीच मान्य केले होते. मग तिने कुठे बसावे, तिला कोणी उचलावे आणि कुठे नेऊन टाकावे एवढेच ठरवायचे उरले. भारताच्या किनाऱ्यावर त्याआधी आणि त्यानंतरही असंख्य भिंती बांधल्या गेल्या आणि त्यांतल्या बहुतेकींच्या बाबतीत हा विचार अर्धवट राहिला. माझे म्हणणे असे आहे : नदीच्या किंवा खाडीच्या मुखाशी बांधलेली भिंत वाळू नाहीशी करत नाही, ती वाळूचा मुक्काम बदलते. म्हणून भिंतीचे यश चॅनेलच्या खोलीवरून मोजणे अपुरे आहे. ते पलीकडच्या किनाऱ्याच्या रुंदीवरूनही मोजले पाहिजे. आणि अडलेली वाळू पलीकडे पोचवण्याची सोय, तिच्या वार्षिक खर्चासकट, भिंतीच्या मंजुरीचाच भाग असली पाहिजे.

हे पटण्यासाठी वाळू मुळात चालते कशी ते पाहावे लागते. लाटा किनाऱ्याला क्वचितच काटकोनात येतात. तिरपी आलेली लाट फुटताना वाळू ढवळते आणि किनाऱ्यालगत एक प्रवाह निर्माण करते. ढवळलेली वाळू त्या प्रवाहाबरोबर किनाऱ्याने सरकत जाते. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत ही वाटचाल उत्तरेकडे असते आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात दक्षिणेकडे. वर्षाची गोळाबेरीज उत्तरेच्या पदरी पडते, आणि ती लाखो घनमीटरमध्ये मोजावी लागते. लाटांच्या उंचीचा यात फार मोठा वाटा असतो. किनारी अभियंते वापरतात त्या प्रचलित सूत्रात वाळूची वाहतूक लाटेच्या उंचीच्या अडीचाव्या घातात वाढते. उंची दुप्पट झाली की वाहतूक साडेपाच पटींहून अधिक होते. म्हणजे वर्षभराची बरीचशी वाळू मोजक्या वादळी दिवसांत हलते, आणि नेमक्या त्याच दिवसांत साधा ड्रेजर समुद्रात उभा राहू शकत नाही. किनाऱ्याने चाललेल्या या वाळूला नदीचे मुख आडवे आले की तिथे दोन बळांची झुंज होते. लाटा मुख बुजवायला पाहतात. ओहोटीचे आणि नदीचे पाणी ते मोकळे ठेवायला पाहते. झुंज जिथे बरोबरीत सुटते तिथे पाण्याखाली वाळूचा दांडा तयार होतो. गोव्यात मांडवीच्या तोंडाशी आग्वादला असाच दांडा आहे. त्याच्यामुळे पावसाळ्यात मांडवीचे मुख बार्जना बंद होत असे आणि खनिज कुंभारजुवेच्या कालव्यातून जुवारीमार्गे मुरगावला न्यावे लागे.

मुखाच्या दोन्ही अंगांना समुद्रात काढलेल्या दगडी भिंती या झुंजीत दोन प्रकारे हस्तक्षेप करतात. किनाऱ्याने येणारी वाळू त्या बाहेरच अडवतात. शिवाय मुखातले पाणी अरुंद वाटेत कोंडून त्याचा वेग वाढवतात, त्यामुळे तळाची वाळू वाहून जाते. या दुसऱ्या परिणामाचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. मिसिसिपी नदीच्या मुखाशी गाळाचे दांडे होते आणि न्यू ऑर्लिन्सचा व्यापार त्यांच्यापायी अडकून पडे. जेम्स ईड्स या अभियंत्याने दक्षिणेच्या फाट्यावर, म्हणजे साउथ पासवर, दोन समांतर भिंती बांधून नदीकडूनच चॅनेल खोदून घ्यायची योजना मांडली. लष्करी अभियंत्यांचे प्रमुख अँड्र्यू हम्फ्रीज यांना कालवा हवा होता. भिंती बांधल्या तर दांडा पुढे समुद्रात पुन्हा तयार होईल, असा त्यांचा आक्षेप होता. ईड्सने १८७५ मध्ये काम सुरू केले. विलोच्या फांद्यांच्या चटया विणून आणि त्यांवर दगड रचून त्या भिंती उभ्या राहिल्या. १८७९ मध्ये ३० फूट खोलीचे पाणी मिळाले. कराराची अट अशी होती की ठरलेली खोली मिळेल तसतसे पैसे मिळतील आणि पुढची २० वर्षे ती खोली राखून दाखवावी लागेल. ईड्स जिंकला. पण त्याच्या हाताशी अख्ख्या खंडाचे पाणी वाहून आणणारी नदी होती. त्याचा विजय पाहून पुढे जगभर भिंती बांधल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक मुखांना तशी नदी लाभलेली नव्हती आणि करारात तशी अटही नव्हती.

मद्रासची कथा याच काळातली. तिथे मुख नव्हते, खाडी नव्हती. होता तो सरळसोट वाळूचा किनारा. जहाजे उघड्या समुद्रात नांगर टाकत आणि माल-माणसे मसुला होड्यांतून फेसाळत्या लाटांमधून किनाऱ्याला येत. विल्यम पार्क्स यांच्या आराखड्याप्रमाणे १८७५-७६ पासून समुद्रात दोन बाहू काढून कृत्रिम बंदर बांधायला घेतले गेले. त्याचे तोंड पूर्वेकडे होते. काम पुरे होत आले असताना नोव्हेंबर १८८१ च्या चक्रीवादळाने बाहू मोडले. ते पुन्हा उभारेपर्यंत शतकाचा शेवट आला. तोवर वाळूनेही आपले काम केले होते. दक्षिणेच्या बाहूला अडून ती साचत गेली, किनारा समुद्रात पुढे सरकत गेला आणि सरकता सरकता वाळू बाहूच्या टोकाला वळसा घालून बंदराच्या तोंडात शिरू लागली. आज मरीना बीचवर जी ऐसपैस वाळू दिसते, तिचा बराच भाग या बंदराने अडवलेला आहे. १९०४ मध्ये पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष झालेल्या फ्रान्सिस स्प्रिंग यांनी पूर्वेचे तोंड बंद करून ते ईशान्येला वळवले. बाहेरून आडोशाची एक भिंत काढून वाळूचा मार्ग लांबवला. त्या निर्णयामुळे मद्रास बंदर वाचले यात शंका नाही. (याच स्प्रिंगच्या कार्यालयात १९१२ मध्ये श्रीनिवास रामानुजन कारकून म्हणून लागले आणि स्प्रिंगने त्यांना पुढे मोठा आधार दिला. भारतीय गणितावरही या बंदराचे थोडे ऋण आहे.)

पण बंदर वाचल्याने कथा संपत नाही. दक्षिणेला जी वाळू जमा झाली, ती उत्तरेच्या किनाऱ्याच्या वाट्याची होती. रोयापुरमपासून एन्नोरच्या दिशेने पसरलेल्या कोळीवस्त्यांच्या किनाऱ्याला लाटा पूर्वीसारख्याच येत राहिल्या आणि वाळू नेत राहिल्या. मात्र नेलेल्या वाळूच्या जागी दक्षिणेकडून नवी येईनाशी झाली. शेकडो मीटर रुंदीची जमीन समुद्रात गेली. घरे गेली, रस्ते मागे घ्यावे लागले. मग दगड टाकून धूपप्रतिबंधक बंधारे बांधले गेले. त्या दगडांनी बंधाऱ्यामागची जमीन राखली, पण बंधाऱ्यापुढची वाळू राखली नाही. ज्या किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवायच्या आणि जाळी वाळवायची, तोच नाहीसा झाला. धूप आणखी उत्तरेला सरकली. बंदराच्या ताळेबंदात यातला एकही रुपया दिसत नाही. शतकभराहून अधिक काळ उत्तर मद्रासच्या मच्छीमारांनी बंदराच्या खोल पाण्याची किंमत आपल्या जमिनीने चुकवली आहे. मला हा अन्याय वाटतो, आणि अज्ञान हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. वाळू कोणत्या बाजूने येते हे स्प्रिंगच्या काळापर्यंत पुरते कळून चुकले होते.

पुदुच्चेरीला तर अज्ञानाचा आधारही घेता येत नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे अरियनकुप्पम नदीच्या मुखाशी बंदराच्या दोन भिंती उभ्या राहिल्या. मद्रासचा शंभर वर्षांचा अनुभव समोर असल्याने दक्षिणेला साचणारी वाळू उत्तरेला पोचवण्याची तरतूद मूळ योजनेत होती. भिंती बांधल्या गेल्या, त्या तिथेच राहिल्या. वाळू पोचवण्याचे काम मात्र सातत्याने झाले नाही. काही वर्षांत फ्रेंच वस्तीसमोरचा प्रसिद्ध समुद्रकिनारा नाहीसा झाला आणि त्या जागी काळ्या दगडांची रास आली. धूप शहराच्या हद्दीत थांबली नाही. ती उत्तरेला तमिळनाडूच्या गावांत शिरली आणि त्या राज्याने स्वतःच्या दगडी भिंती घालायला सुरुवात केली. २०१८ च्या सुमारास चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शहरासमोर पाण्याखाली पोलादी पाचरीच्या आकाराचा कृत्रिम खडक बसवला आणि थोडा किनारा परत मिळवला. ते काम कौतुकास्पद आहे. तरीही दक्षिणेला अडलेली वाळू त्यामुळे मोकळी झाली नाही. नियम वाळूचाच आहे, भिंत कोणत्या हेतूने उभी राहिली याच्याशी त्याचा संबंध नाही. २००० साली गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्याजवळ ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे खनिजवाहू जहाज रुतले आणि बारा-एक वर्षे तिथेच राहिले. ते कोणी बंधारा म्हणून आणले नव्हते. तरी त्याच्या आडोशाला वाळू साचली आणि शेजारचा किनारा खचला.

आता हीच गोष्ट नीट केली तर काय होते, याचा पुरावा ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. तोही जोडीने आहे, म्हणून विशेष बोलका. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड यांच्या सीमेवर ट्वीड नदीचे मुख आहे. मासेमारीच्या होड्यांची वाट सुरक्षित करण्यासाठी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात मुखावरच्या भिंती समुद्रात आणखी पुढे नेल्या गेल्या. तिथली वाळू उत्तरेला चालते, वर्षाला सुमारे पाच लाख घनमीटर. ती दक्षिणेला अडकली आणि पलीकडचे कूलंगाटा, किरा हे किनारे १९६७ च्या वादळांत उघडे पडले. दोन राज्ये या वाळूवरून तीस वर्षे वाद घालत राहिली. अखेर १९९५ मध्ये त्यांनी आपसांत करार केला. २००१ पासून तिथे भिंतीच्या दक्षिणेला समुद्रात काढलेल्या सुमारे ४५० मीटर लांबीच्या धक्क्यावरून पंप चालतात; तळाशी बसवलेले पंप वाळूमिश्रित पाणी खेचतात आणि नदीखालून गेलेल्या नळांतून ते उत्तरेच्या किनाऱ्यांवर सोडतात. तिथून उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर नेरांग नदीचे मुख आहे. हे मुख दशकानुदशके उत्तरेकडे सरकत होते. १९८४ ते १९८६ या काळात तिथे ‘गोल्ड कोस्ट सीवे’ बांधला गेला. भिंतींबरोबरच वाळू ओलांडून नेणारी पंपयोजनाही बांधली गेली, आणि मुख खुले झाले तेव्हा पंपही तयार होते. वाळू तीच, लाटा त्याच. एका मुखाला शहाणपण पहिल्या दिवशी लाभले, दुसऱ्याला किनारा गमावून आणि खटाटोप करून चार दशकांनी. नेरांगच्या उत्तरेकडच्या साउथ स्ट्रॅडब्रोक बेटाला ट्वीडच्या शेजाऱ्यांसारखे दिवस पाहावे लागले नाहीत.

पंपाखेरीज दुसरे मार्गही आहेत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या मेसनबरो मुखावर १९६० च्या दशकात उत्तरेच्या भिंतीचा एक तुकडा मुद्दाम बुटका ठेवला गेला. वाळूने त्यावरून आत यावे, ठरवलेल्या खड्ड्यात बसावे आणि तिथून ड्रेजरने ती सावकाश उचलावी, ही कल्पना. पण भिंत एकाच बाजूला बांधली होती. चॅनेल हळूहळू त्या बुटक्या तुकड्याकडेच सरकला आणि पुढे दक्षिणेला दुसरी भिंत बांधावी लागली. ओरेगनमध्ये सायुस्लॉ नदीच्या भिंतींना टोकाजवळ तिरपे फाटे काढून वाळू मुखापासून दूर वळवण्याचा प्रयोग झाला आहे. म्हणजे आकारात सुधारणा शक्य आहे आणि ती होत राहावी. तरी कोणताही आकार वाळू उचलण्याची गरज कायमची संपवत नाही, एवढे या सर्व अनुभवांतून दिसते.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येतो. वाळू पलीकडे नेण्याची यंत्रणा दरवर्षी खर्च मागते. पंप झिजतात, वीज लागते, कचरा आणि ओंडके अडकतात. गरीब देशाला हे परवडत नाही आणि पुदुच्चेरीत ते जमले नाहीच, असे म्हटले जाते. खर्च होतो हे खरे आहे. पण न केल्यानेही खर्च होतोच, फक्त तो दुसऱ्याच्या खात्यात पडतो. बंदर एका खात्याचे, मासेमारीची बंदरे दुसऱ्याचे, किनाऱ्याची धूप तिसऱ्याचे आणि घर गेलेल्या कुटुंबाचे पुनर्वसन महसूल खात्याचे. मोठी बंदरे केंद्राची, लहान बंदरे राज्याच्या सागरी मंडळाची. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याला दर काही वर्षांनी नवे दगड लागतात आणि त्याचे टोक संपते तिथे पुढच्या गावाची मागणी उभी राहते. हे सगळे एका पानावर मांडले तर पंप महाग ठरतो की स्वस्त, हे मुखागणिक तपासता येईल. आज ते मांडलेच जात नाही, म्हणून पंप महाग दिसतो. पुदुच्चेरीचे अपयश यंत्राचे म्हणता येत नाही. तिथे भिंतीसाठी पैसा एकदाच लागला आणि तो मिळाला. वाळू पोचवायला तो दरवर्षी लागणार होता, आणि दरवर्षी मागावी लागणारी रक्कम कोणत्याही अंदाजपत्रकात सर्वांत आधी कापली जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो अभ्यासकांकडून येतो. किनारा खचण्याला भिंतीच कारण आहेत असे कशावरून? नद्यांवर धरणे झाली, त्यांत वाळू अडकली. पात्रांतून बेसुमार उपसा झाला. समुद्राची पातळी वाढते आहे, वादळे वाढताहेत. हे सर्व खरे आहे. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१६ या काळातल्या उपग्रहचित्रांवरून केलेल्या अभ्यासात भारताच्या मुख्य भूमीचा सुमारे एक तृतीयांश किनारा खचत असल्याचे आढळले, आणि त्या सगळ्याला भिंती जबाबदार नाहीत. परंतु धरणे आणि समुद्रपातळी यांचा परिणाम लांबच लांब किनाऱ्यावर पसरलेला असतो. भिंतीचा परिणाम वेगळा ओळखू येतो. भिंतीच्या एका अंगाला किनारा पुढे येतो, दुसऱ्या अंगाला मागे जातो, आणि हे बांधकामाच्या वर्षानंतर सुरू होऊन भिंतीपासून दूर सरकत जाते. मद्रासला, पुदुच्चेरीला, ट्वीडला हीच खूण दिसते. शिवाय नद्यांकडून येणारी वाळू आटली असेल, तर किनाऱ्याने चालत येणारी वाळू अडवणे अधिकच महागात पडणार. मिळकत घटलेल्या घरात खर्चाला जशी शिस्त लागते, तशी ती इथेही लागायला हवी.

भिंत नकोच, फक्त गाळ उपसत राहू, असे म्हणणारेही आहेत. जिथे समुद्र शांत आणि वाहतूक थोडी आहे तिथे ते पुरेसे ठरू शकते. पण वादळी हंगामात उघड्या दांड्यावर ड्रेजर चालत नाही, आणि दांड्यावर फुटणाऱ्या लाटेत उलटणाऱ्या होडीतली माणसे एखाद-दुसऱ्या महिन्याची वाट पाहू शकत नाहीत. केरळात मुतलप्पोळीच्या मुखावर, भिंती असूनही वाळू साचल्याने अनेक मच्छीमारांनी जीव गमावले आहेत. भिंत चुकीच्या मापाने बांधली किंवा बांधून तशीच सोडून दिली तर ती जीवघेणी ठरते. चांगली भिंत जीव वाचवते. म्हणून मी भिंतीच्या विरोधात नाही. विशाखापट्टणमलाही १९७० च्या दशकात बाहेरचे बंदर झाले, मोठे बाहू आले आणि दक्षिणेच्या बाहूजवळ वाळूचा नवा सापळा ठेवून तिथली वाळू उत्तरेच्या रामकृष्ण बीचला देण्याची रीत चालू राहिली. २०१४ च्या हुदहुद चक्रीवादळानंतरच्या काळात तो बीच वाईट रीतीने खचला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण खचल्यावर वाळू कोणी आणायची आणि कुठून, हा प्रश्न तिथे नव्याने सोडवावा लागला नाही. बंदर, ड्रेजर आणि सापळा, तिन्ही जागेवर होते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याला हे किती लागू पडते? जसेच्या तसे नाही. मुंबईच्या आणि उरणच्या बंदरांत येतो तो चिखल. तो पाण्यात तरंगत, भरती-ओहोटीबरोबर ये-जा करत, संथ जागी खाली बसतो. त्याला भिंत घालून अडवता येत नाही. उपसलेला गाळ टाकला कुठे आणि तिथून तो परत येतो का, हे तिथले कळीचे प्रश्न. म्हणूनच १९५९ मध्ये मुंबई बंदरात किरणोत्सर्गी स्कँडियमने खूण केलेला गाळ सोडून त्याचा माग काढला गेला. दक्षिण कोकणात वाळू आहे, पण किनारा डोंगरांच्या नाकांनी तुकड्या-तुकड्यांत विभागलेला आहे. पावसाळ्यात लाटा वाळू आत ओढून नेतात आणि दिवाळीनंतर समुद्र निवळला की ती बरीचशी परत येते. पूर्व किनाऱ्यासारखी लाखो घनमीटरची एकतर्फी वाटचाल इथे नाही. यावरून काही जण निष्कर्ष काढतात की इथे भिंतींचे नुकसान थोडे. मला हा निष्कर्ष धोक्याचा वाटतो. दोन डोंगरनाकांमधल्या पुळणीत जेवढी वाळू आहे तेवढीच तिची पुंजी. ती भिंतीच्या कोपऱ्यात अडकली किंवा खोल पाण्यात लोटली गेली, तर शेजारून भरून येणार नाही. मालवणजवळ कर्ली नदीचे मुख पाहावे. देवबाग हे गाव नदी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या निमुळत्या पट्ट्यावर वसले आहे. मुखातली वाळू इकडून तिकडे सरकते आणि त्या सरकण्यावरच गावाची जमीन अवलंबून आहे. अशा ठिकाणी चॅनेलसाठी भिंत घालायची तर आधी किमान काही वर्षे, पावसाळ्याआधी आणि नंतर, किनाऱ्याची आणि तळाची मापे घेतली गेली पाहिजेत. ती घ्यायला परदेशी जावे लागत नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. देशातल्या कितीतरी बंदरांची प्रतिरूपे तिथे लाटा सोडून तपासली गेली आहेत.

कोकणात भिंतीपेक्षाही आधी पाहायची गोष्ट मात्र वेगळीच आहे. अमेरिकन अभियंते मॉरो ओब्रायन यांनी १९३१ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरच्या मुखांची मापे ताडून दाखवले की एका भरतीत खाडीत जेवढे पाणी शिरते, त्याच्याशी मुखाच्या रुंदी-खोलीचे निश्चित नाते असते. जास्त पाणी, मोठे मुख. कमी पाणी, आकसलेले मुख. मद्रासला उधाणाची भरतीदेखील मीटरभराच्या आसपास येते, मुंबईला ती पाच मीटरपर्यंत जाते आणि रत्नागिरीलाही मद्रासच्या दुपटीहून अधिक असते. ही कोकणातल्या खाड्यांची स्वतःची ताकद आहे. दर ओहोटीला बाहेर पडणारे पाणी मुखातली वाळू फुकट उपसत असते. खाडीतल्या कांदळवनात भराव घातला, रस्त्यासाठी फाटा बुजवला, पुलाखाली दोन मोऱ्या ठेवून बाकी मातीचा बांध घातला, की भरतीला शिरणारे पाणी तेवढे घटते आणि मुख त्या प्रमाणात बुजू लागते. मग गावचे मच्छीमार गाळ उपसण्याची मागणी करतात, निविदा निघतात, भिंतीचा प्रस्ताव येतो. मिरकरवाड्यासारख्या बंदरात गाळाची तक्रार वर्षानुवर्षे आहे. तिथली आणि प्रत्येक ठिकाणची कारणे वेगवेगळी असणार. पण खाडीचे पाणी किती घटले हा प्रश्न प्रस्तावात विचारलेलाच नसेल, तर भिंत चुकीच्या रोगावरचे औषध ठरू शकते. यावर खारभूमीच्या शेतकऱ्याचा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे : आमच्या पूर्वजांनी बांध घालून भाताची शेते केली, ती आता समुद्राला द्यायची का? मुळीच नाही. जुन्या बांधांशी मुखाने आपले माप केव्हाच जुळवून घेतले आहे. हिशेब मागायचा तो नव्या भरावाचा.

राहता राहिली ती अंमलबजावणी. तिच्यासाठी दीडशे वर्षांपूर्वीच्या ईड्सच्या कराराकडे वळावेसे वाटते. त्याला दगडांच्या वजनावर पैसे मिळाले नाहीत. खोलीवर मिळाले, आणि ती वीस वर्षे राखण्याची जबाबदारीही त्याच्यावर होती. आपल्याकडे भिंतीचे काम आजही दगड आणि टेट्रापॉड यांच्या मोजमापावर पुरे होते आणि देयक निघाले की ठेकेदाराचा आणि खात्याचा त्या मुखाशी संबंध संपतो. करारात दोन मापे घालता येतील : चॅनेलची खोली, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना काही किलोमीटरपर्यंत किनाऱ्याची रेषा. दुसरे माप घसरले तर वाळू आणून टाकण्याचा खर्च प्रकल्पाच्या राखीव निधीतून व्हावा. धूप झालेल्या गावाने अर्ज करीत फिरण्याची वेळ येऊ नये. हा निधी भिंतीच्या खर्चाबरोबरच मंजूर करून वेगळ्या खात्यात ठेवावा लागेल, म्हणजे पाचव्या वर्षी तो दुसरीकडे वळवता येणार नाही. दोन्ही मापे ग्रामपंचायतीत आणि मच्छीमार सोसायटीत दर वर्षी दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये, लावली जावीत. आणि ज्या मुखासाठी हा निधी उभा करणे परवडत नाही असे खात्याला वाटते, तिथे भिंतीच्या निविदेआधी लहान ड्रेजर आणि खाडीतले बुजलेले फाटे मोकळे करणे यांचा अंदाज निघाला पाहिजे.